पोटातली जमीन

मंडळी, आज मी पिकाविषयी लिहिणार नाही, पोटाविषयी लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने खते-बियाणे सोडून डॉक्टरकीत कशाला शिरावे? खरे आहे. औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तो नसताना मी एकदा गाजवला, आणि त्याचे फळ घरातल्या एका पोराला भोगावे लागले. त्याचीच ही हकिकत आहे. ती तुमच्या कानावर घालावी असे फार दिवस मनात होते.

कृषी पदवी घेऊन मी या खात्यात आलो त्याला तीस वर्षे होत आली. या काळात किती बांधांवर उभा राहून मी मूठभर माती हातात धरली असेल, त्याची गणती नाही. माझे बोलणे ठरलेले असे. "ही माती मेलेली नाही. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात. कोणी हवेतला नत्र धरून देतात, कोणी अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात, कोणी काडीकचरा कुजवतात. त्यांना उपाशी ठेवू नका, जाळू नका, विष घालून मारू नका." ऐकणारे माना डोलवत. कोणी पाचट जाळायचे थांबवी, कोणी शेणखताची गाडी वाढवी. मी समाधानाने मोटारसायकलला किक मारून घरी येई.

२०१६ सालच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. थोरल्या दादांचा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा. तो मला गोठ्यामागे घेऊन गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, परसाकडला रक्त पडतंय. आईला सांगू नका." दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते, मुरडा येतो, आव पडते, असे त्याने हळूहळू सांगितले.

मी काय करावे? मी त्याला डॉक्टरकडे न्यायला हवे होते. त्याऐवजी मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "अरे, आव झाली आहे. पाण्याचा दोष." तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. पोराला थोडे बरे वाटले. महिन्याभराने पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, या वेळी जरा भारी. असे चार वेळा झाले. मध्ये कोणी मूळव्याध सांगितली म्हणून बाजारच्या दिवशी बसणाऱ्या एका माणसाचे चूर्णही झाले. पोर वाळत चालले होते. विचारले की "कामाचा ताण आहे" म्हणे. रात्री दोनदा-तीनदा उठतो हे त्याने मलाही सांगितले नव्हते.

२०१७ च्या जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत खताचे पोते उचलताना तो जागीच खाली बसला आणि डोळे फिरवले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेला. रक्तातले हिमोग्लोबिन ६ वर आले होते. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली, आतड्याच्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासायला गेला, आणि रोगाचे नाव कळले : अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, लहान लहान जखमा होतात, त्यांतून रक्त आणि आव पडते. ती आव नव्हती, मूळव्याधही नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले म्हणून पोर तुमच्याकडे आलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

तिथल्या डॉक्टरीणबाई शेतकऱ्याच्याच घरातल्या होत्या. मी शेतीखात्यातला आहे हे कळल्यावर त्यांनी मला विचारले, "सोयाबीनच्या बियाण्याला तुम्ही रायझोबियम लावायला सांगता ना? आणि बुरशीनाशक?" मी म्हणालो, "आधी बुरशीनाशक, आणि सगळ्यांत शेवटी रायझोबियम. जिवाणू लावून वर औषध चोळले तर जिवाणू मरतात." त्या म्हणाल्या, "मग आतड्याच्या बाबतीत तुम्ही हे विसरलात कसे?"

मी गप्प राहिलो. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो, आणि समजले नाही ते बाईंना विचारत आलो. त्यातले तुमच्या उपयोगाचे आता सांगतो.

आपल्या पोटात, विशेषतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची मोठी वस्ती आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षाही थोडे अधिकच. सगळ्यांचे मिळून वजन मात्र पावशेराच्या आसपास, सुमारे दोनशे ग्रॅम. हे जिवाणू म्हणजे घाण नव्हे. ज्वारी-बाजरीचा कोंडा, डाळींची सालपटे, भाजीचे तंतू आपल्याला पचत नाहीत. ते खाली मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे जिवाणू ते आंबवतात. त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी एक आहे ब्युटिरेट. गाई-म्हशीच्या कोठीपोटात चारा आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांतही हे असते. आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवरच जगतात. आपण जिवाणूंना चारा घालतो, जिवाणू आपल्या आतड्याला जेवू घालतात.

हे अस्तर किती जाड असेल? पेशींचा एकच थर. त्यावर चिकट द्रवाचा लेप. एका बाजूला लाखो कोटी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपले रक्त, आणि मध्ये एवढासाच बांध. या बांधामागे शरीराचे राखणदार बसलेले असतात. त्यालाच रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. राखणदाराचे खरे कौशल्य मारण्यात नाही, ओळखण्यात आहे. हरभऱ्याचे मूळ रायझोबियमला आत घेते, त्याला गाठीत घर देते, आणि मर रोगाच्या बुरशीला विरोध करते. आपल्या आतड्यालाही हेच करावे लागते : मित्राला नांदू द्यायचे, शत्रूला अडवायचे.

आतड्याच्या दाहाच्या रोगात ही ओळख बिघडते. या रोगाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो. तो गुदद्वाराजवळच्या भागापासून सुरू होऊन वर चढतो. दुसरा क्रोनचा रोग. १९३२ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये मध्ये चांगला भाग सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्हींत शरीराचे राखणदार आपल्याच घराच्या भिंतीवर काठ्या चालवीत बसतात.

यात जिवाणूंचा हात काय? मुळात या रोगाला एकच एक जंतू जबाबदार नाही. पटकीचा जंतू असतो, क्षयाचा असतो, तसा याचा नाही. पण जिवाणूंशिवाय हा रोग उभाही राहत नाही. दाह आटोक्यात ठेवणारा एक घटक ज्यांच्यात जन्मतःच नाही, असे उंदीर शास्त्रज्ञांनी पाळले. साध्या पिंजऱ्यात त्यांना आतड्याचा दाह होई. पण जन्मापासून पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले तर होत नसे. १९९८ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली क्रोनच्या रोगाशी नाते असलेला पहिला जनुक सापडला. त्याचे काम काय, तर जिवाणूंच्या कवचाचा तुकडा ओळखणे! म्हणजे पुन्हा राखणदाराच्या ओळखीचाच प्रश्न.

रोग्याच्या आतड्यातल्या जिवाणूंची मोजदाद केली तर काय दिसते? जमीन बिघडल्यावर जे दिसते तेच. जिवाणूंच्या जाती कमी होतात. ब्युटिरेट करणारे गुणी जिवाणू घटतात, आणि ई. कोलाय व त्याच्या भाऊबंदांचे तण माजते. फिकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू निरोगी माणसाच्या आतड्यात मुबलक असतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवले की क्रोनच्या ज्या रोग्यांमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी हा जिवाणू कमी होता, त्यांच्यात रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी थक्क झालो. आतड्याला सूज आली की सुजेतूनच तिथे नायट्रेट तयार होते. होय, आपण पिकाला देतो तेच नायट्रेट! ई. कोलायला त्यावर वाढता येते, गुणी जिवाणूंना येत नाही. २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगात हे सिद्ध झाले. म्हणजे सुजेमुळे तण वाढते, तणामुळे सूज वाढते. रहाटगाडगे एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही. आधी सूज की आधी जिवाणूंचा बिघाड, असा वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही एकमेकांना पोसतात हे लक्षात घ्यावे. म्हणून तर औषधाने आधी सूज उतरवावी लागते.

आता माझ्या गोळ्यांचे काय? प्रतिजैविक म्हणजे जिवाणू मारणारे औषध. न्यूमोनियात, विषमज्वरात ते जीव वाचवते आणि डॉक्टरांनी दिले तर पूर्ण घ्यावेच. पण त्याला मित्र-शत्रू कळत नाही. तणनाशक चुकून उभ्या पिकावर पडावे तसे होते. स्वीडनमध्ये हजारो रोग्यांची जुनी नोंदपुस्तके तपासली, तेव्हा ज्यांनी पूर्वी वारंवार प्रतिजैविके घेतली होती त्यांच्यात हा रोग अधिक आढळला. सख्ख्या भावंडांशी तुलना केली तरीही फरक राहिला. ही पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली.

मी बाईंना सरळ विचारले होते, "माझ्यामुळे झाले का?" त्या म्हणाल्या, "नाही. रक्त पडू लागल्यावर तो तुमच्याकडे आला, म्हणजे रोग आधीच होता. पण तुमच्या गोळ्यांनी आठ महिने गेले, आणि राहिलेल्या चांगल्या जिवाणूंवरही कुऱ्हाड पडली." मला खोटा धीर न देता त्यांनी हे सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

कोणाला वाटेल, हे शहरातल्या श्रीमंतांचे रोग. तसे नाही. पंजाबात १९९९ साली घरोघर जाऊन सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी झाली. लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. आकडा लहान वाटतो, पण आपल्या एखाद्या तालुक्याची वस्ती डोळ्यांपुढे आणा. त्यांतले कितीजण आव म्हणून, मूळव्याध म्हणून घरात दडून बसले असतील?

पोराला गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला काही आठवडे स्टिरॉइड, मग ते हळूहळू कमी करून बंद, आणि मेसालामीनच्या गोळ्या रोज. दोन महिन्यांत रक्त थांबले, वजन वाढले. तो पुन्हा नांगराच्या मागे उभा राहिला.

पण हकिकत इथे संपत नाही. २०१९ साली स्थळे पाहायला सुरुवात झाली. मुलगी बघायला जाताना पिशवीत गोळ्यांचे पाकीट नको, कोणाच्या नजरेस पडायला नको, म्हणून वहिनींनी ती ज्वारीच्या कणगीत लपवली. पोरालाही वाटले, दीड वर्ष काही त्रास नाही, आता बरा झालो. त्याने गोळ्या सोडल्या. चार महिन्यांत रोग उलटला. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन. मंडळी, पीक हिरवे दिसले म्हणून आपण पाणी बंद करतो का? हा रोग मुळापासून जात नाही, तो आटोक्यात राहतो. औषध चालू असते म्हणून तर तो दिसत नाही.

या खेपेला पोराने स्वतःच ठरवले, लपवायचे नाही. पहिल्या स्थळाने ऐकून घेतले आणि निरोप पाठवला, जमत नाही. दुसऱ्या घरी मुलीनेच विचारले, "हा रोग शिवाशिवीने होतो का? मुलांना होतो का?" मी सोबत होतो. बाईंनी सांगितले होते तेच मी सांगितले. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. आईबापांपैकी एकाला असला तर मुलांत शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. आज ती आमची सून आहे. गोळ्यांचे पाकीट आता कणगीत नाही, देवळीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते. घरात एक मुलगी रांगते आहे.

आता एक गमतीची वाटेल अशी गोष्ट. जनावराचे कोठीपोट बिघडले, रवंथ थांबला, की जाणते पशुवैद्य निरोगी जनावराच्या कोठीपोटातले पाणी काढून आजारी जनावराला पाजतात. म्हणजे जिवाणूंचे विरजणच ते. माणसातही तसाच प्रयोग चालू आहे. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रोग्याच्या आतड्यात सोडतात. नाक मुरडू नका, शेणखत हातात घेणारे आपण लोक! दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ६६ रोग्यांवर असा प्रयोग केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. ३५ जणांना जिवाणू आणि दाह कमी करणारा आहार दिला, ३१ जणांना नेहमीचे औषध. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात २३ जणांना गुण आला, दुसऱ्या गटात ११ जणांना. आणि जिवाणू कोणाचे घेतले होते? खेड्यातल्या निरोगी माणसांचे! खेड्यातल्या साध्या माणसाच्या पोटातली ही संपत्ती मोठमोठ्या डॉक्टरांनी मोलाची मानली, हे विसरू नका.

पण हा उपचार घरी करण्याचा नाही, हे बजावून सांगतो. देणाऱ्याची कसून तपासणी करावी लागते. अमेरिकेत २०१९ साली अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय अंगात जाऊन एक रोगी दगावला. आणि विरजणाने जमीन सुधारली तरी तिला रोज खायला घालावेच लागते.

म्हणून निरोगी घरांनी ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या आणि ताक यांना पाहुण्यापुढे लाजून मागे सारू नये. पाकिटातला खाऊ नि गोड बाटल्या यांत जिवाणूंना चारा नाही. ज्याला रोग झालेला आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच खावे. रोग उसळलेला असताना कोंडा, कच्ची भाजी, सालीची डाळ यांनी त्रास वाढतो. तेव्हा मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी बरी. ताक-दही चालत असेल तर घ्यावे, पण ताकाने हा रोग बरा होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

शेवटी, बांधावर सांगतो तसे चार शब्द सांगतो.

शौचातून रक्त पडत असेल, दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब असतील, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, वजन उतरत असेल, बारीक ताप राहत असेल, तर मेडिकलवाल्याला नव्हे, डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही फार असतो, आणि तो क्रोनच्या रोगासारखाच दिसतो. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर घात होतो. म्हणून तपासणीआधी औषध नको. माती परीक्षणाआधी खत टाकू नका, असे सांगता सांगता माझा घसा बसला. पोटालाही तोच नियम.

दुखते म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांनीही हा रोग उसळू शकतो. विडी-सिगारेट क्रोनच्या रोगात आगीत तेल ओतते. स्टिरॉइड मनाने सुरू करू नका आणि सुरू असेल तर एकदम तोडू नका. आठ-दहा वर्षे झालेल्या रोग्याने डॉक्टर सांगतील तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, कारण जुन्या दाहातून पुढे आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतो. वेळीच कळला तर त्यावर इलाज आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. घरातले तरणे पोर किंवा पोरगी पुन्हा पुन्हा परसाकडला जात असेल, जेवायला टाळत असेल, गावाला यायला नको म्हणत असेल, तर आळशी म्हणून दटावू नका. जवळ बसवून विचारा. रक्त पडते हे आईबापाला सांगण्याची लाज फार मोठी असते. आमचे पोर ती लाज गिळून एका माणसाकडे आले होते, आणि तो माणूस स्वतःला शहाणा समजत होता.

तुमच्याकडे असे कोणी आले, तर एवढेच म्हणा : "मला यातले कळत नाही. चल, आपण उद्याच डॉक्टरांकडे जाऊ." मी त्या दिवाळीत हे म्हणायला हवे होते.